अभयारण्य केवढे असावे?

अभयारण्य केवढे असावे, याचे उत्तर आपल्याला प्राण्याच्या वर्षभराच्या भ्रमंतीत शोधावे लागते. अमेरिकेतील अलास्काच्या ईशान्य कोपऱ्याचेच उदाहरण घेऊ. तेथील सरकारी जमिनीवर १९६० साली सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य स्थापन झाले. १९८० च्या कायद्याने ते पश्चिमेकडे व दक्षिणेकडे वाढवून दुपटीहून मोठे केले.

येथील 'पॉर्क्युपाइन' कळपातले कॅरिबू (रेनडिअरच्याच जातीची हरणे) हिवाळा ब्रुक्स पर्वताच्या दक्षिणेस आणि कॅनडाच्या युकॉन भागात काढतात. वसंतात ते शेकडो किलोमीटर चालून उत्तरेला येतात. जूनच्या सुरुवातीस बहुतेक वर्षी माद्या किनाऱ्यालगतच्या मैदानात वितात. तेथेच का? बर्फ वितळताच उगवणारा सकस कोवळा चारा त्यांचे दूध वाढवतो, लांडगे व अस्वले डोंगरांपेक्षा येथे कमी असतात, आणि समुद्रावरचा वारा डासांना दूर ठेवतो.

हे मैदान सुमारे सहा हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे अभयारण्याचा जेमतेम तेरावा हिस्सा. जमिनीखाली तेल असण्याच्या शक्यतेमुळे १९८० साली त्याच्याबद्दलचा निर्णय पुढे ढकलला गेला. २०१७ च्या कायद्याने तेलासाठी भाडेपट्टे देण्याची वाट मोकळी झाली. कॅरिबूंवर उपजीविका असणाऱ्या ग्विचिन लोकांचा त्याला विरोध आहे.

उरलेले बारा हिस्से सुरक्षित राहिले, तरी ते या तेराव्याची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून नकाशावर अभयारण्याची हद्द पाहताना क्षेत्रफळाच्या जोडीने आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवू या: पिले कोठे जन्मतात?