शीळ मेहकरची, गळा खामगावचा

१९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला आणि मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी वाचायचे एक जाडजूड पुस्तक येऊन बसले. त्याच साली वऱ्हाडात साडेचार महिन्यांच्या काळात तीन मुले जन्मली. ६ एप्रिलला खामगावात गोविंद नारायण जोशी. ३० एप्रिलला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक इंगळे. २१ ऑगस्टला सिंदखेडराजाकडच्या शेंदुर्जनात नागोराव घनश्याम देशपांडे. माणिक पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाला. गोविंदाला मराठी मुलूख जी. एन. जोशी म्हणून ओळखू लागला. नागोराव झाला कवी ना. घ. देशपांडे, जाणकारांचे ‘नाघं’.

तिघांचीही गाणी महाराष्ट्राने ऐकली. नाव मात्र तिघांचे सारखे राहिले नाही. तुकडोजींनी स्वतः लिहिले, खंजिरी हातात घेऊन स्वतःच गायले. शब्द आणि गळा एकाच देहात असल्यामुळे भजन आठवले की माणूस आठवतो. नाघंच्या बाबतीत शब्द मेहकरला राहिले, गळा खामगावच्या जोशींचा निघाला. गाणे गावोगाव पोचले आणि लिहिणारा मेहकरच्या तालुका कोर्टात वकिली करत राहिला. हा लेख त्या लिहिणाऱ्याविषयी आणि त्याच्या पाच पुस्तकांविषयी आहे. कवी म्हणून त्याला मोजायचे तर आधी ती पाच पुस्तके ओळीने मांडावी लागतात. एका गाण्यावर त्याचा निकाल लावून आपण मोकळे झालो, ही माझी तक्रार आहे.

तीन मिनिटांची जागा

‘शीळ’ ही कविता १९२९ची. तेव्हा कवी वीस वर्षांचा होता. जोशींनी तिला चाल लावली, ती गायली आणि १९३२च्या सुमारास एचएमव्हीने ती ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना बहुतेक जण याच तबकडीपाशी येऊन थांबतात.

त्या काळात मराठी माणसाच्या कानात काय होते, हे आठवले की या गाण्याचे नवेपण कळते. नाट्यपद होते; त्यात शब्दाच्या पाठीवर तान बसायची आणि ‘वन्समोअर’ आला की पद वाढत जायचे. ओवी, अभंग, लावणी होती. रविकिरण मंडळाच्या कवींनी १९२३पासून काव्यगायनाची गोडी लावली होती. कवी स्वतः आपली कविता चालीवर म्हणायचा आणि सभागृह भारून जायचे. पण तो कवीचा गळा होता, गवयाचा नव्हता.

लाखेच्या तबकडीची स्वतःची एक अट होती. ती मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावायची. रंगभूमीवर रंगलेले पद त्या जागेत कोंबायचे तर छाटावे लागे. ख्यालाची तर नुसती चुणूक मिळे. ‘शीळ’सारख्या कवितेला छाटाछाट लागलीच नाही. एकच मनःस्थिती, छोटी कडवी, पुन्हा पुन्हा फिरून येणारे ध्रुवपद. ती जणू तबकडीच्या मापानेच शिवलेली होती. कवीने हे माप घेऊन लिहिले नव्हते, तबकडीच त्याच्या वळणावर येऊन थांबली.

कवितेत बोलते ती एक गावातली तरुणी. रानातून कुणाची तरी शीळ येते, वेळी-अवेळी येते, आणि ही त्या शीळ घालणाऱ्याला दटावते. दटावणीच्या आत निमंत्रण आहे, हे ऐकणाऱ्याला पहिल्या कडव्यातच कळते. बाईचे हे बोलणे एक पुरुष गातो, याचे तेव्हा कुणाला नवल वाटले नसावे. बालगंधर्वांचे नाटक पाहणाऱ्या पिढीला त्याची सवय होती.

‘शीळ’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. ‘श’ला ओठांतून वारा सुटतो, दीर्घ ‘ई’ तो लांब नेते आणि ‘ळ’ला जीभ मागे वळून आवाज अडवते. शब्दच शीळ घालतो. वीस वर्षांच्या मुलाच्या कानाची ही तयारी होती.

पंचवीस वर्षे उशिरा आलेले पुस्तक

गाणे १९३२ला घरोघर वाजू लागले. ते ज्या संग्रहात आहे तो ‘शीळ’ संग्रह मात्र १९५४ साली आला. कविता लिहिल्यापासून पंचवीस वर्षांनी, कवीच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. नाघं मागे का राहिले, याचे माझे उत्तर याच पंचवीस वर्षांत आहे.

मधल्या काळात मराठी कवितेने कूस पालटली होती. नाघंच्याच वयाचे, १९०९लाच खानदेशात जन्मलेले बा. सी. मर्ढेकर १९४७ साली ‘काही कविता’ घेऊन आले. गिरणीचा भोंगा, पिपातले उंदीर, महायुद्धानंतरचा विटलेला माणूस कवितेत शिरला. ‘शीळ’ आला त्याच १९५४ साली विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ही आला. टीकाकारांचे लक्ष नव्या प्रतिमा आणि नव्या जाणिवांकडे होते. अशा वेळी रान, नदीकाठ, ओसाड गढी आणि वाट पाहणारी प्रेयसी घेऊन आलेला संग्रह त्यांना कालचा वाटला. खरे म्हणजे तो कालचाच होता. त्यातल्या कितीतरी कविता १९३०च्या दशकातल्या. त्या १९३५ साली पुस्तकात आल्या असत्या, तर जानपद गीतांच्या लाटेत त्यांची नोंद वेगळी झाली असती. उशिरा पोचलेल्या पाहुण्याला पंगत उठल्यावर वाढावे, तसे या पुस्तकाचे झाले.

दुसरे कारण गाण्याचेच. गाणे गाजले की ते गायकाचे होते. श्रोता ‘जोशींचे गाणे’ म्हणतो, कवी कंसात जातो. मराठीत भावकवी आणि गीतकार यांच्यामध्ये समीक्षेने एक अदृश्य उंबरठाही बांधून ठेवला आहे. ज्याची कविता गायली गेली त्याला ‘गीतकार’ म्हणून अलीकडेच बसवायचे. नाघं तर कवितेतून गाण्यात गेले होते, तरी त्यांना उंबरठ्याबाहेर तिष्ठावे लागले.

पाच नावांची वाट

आता पुस्तके ओळीने मांडू. ‘शीळ’ १९५४. ‘अभिसार’ १९६३. ‘खूणगाठी’ १९८५. ‘गुंफण’ आणि ‘कंचनीचा महाल’ दोन्ही १९९६. पहिल्या आणि दुसऱ्यात नऊ वर्षे, दुसऱ्या-तिसऱ्यात बावीस, तिसऱ्यानंतर अकरा. पहिली गाजलेली कविता विसाव्या वर्षी, शेवटचे पुस्तक सत्त्याऐंशीव्या वर्षी. प्रकाशकाच्या तारखेसाठी लिहिणाऱ्याचा हा वेग नव्हे.

ही पाच नावे एकापाठोपाठ वाचली की एक वाट दिसते. शीळ लांबून ऐकू येते. ऐकणारी अजून घरात आहे. अभिसारात ती उंबरठा ओलांडते, भेटीला निघते. खूणगाठ बांधतात ती विसरू नये म्हणून. म्हणजे भेट होऊन गेलेली आहे आणि आता आठवण जपायची आहे. गुंफण म्हणजे सुटी फुले एका दोऱ्यात घेणे. आणि शेवटी एक महाल, तोही पडका.

पहिले दोन संग्रह प्रेमाचे आणि निसर्गाचे. हे प्रेम दिवाणखान्यातले नाही. त्याला शेताचा बांध, नदीचा घाट, गावाबाहेरची पडकी गढी लागते. ज्याने सिंदखेडराजा, देऊळगावराजा, मेहकर या पट्ट्यातली गावे पाहिली आहेत, त्याला ही गढी कल्पनेतली वाटणार नाही. ढासळलेले बुरूज, चिखलमातीच्या भिंती, भिंतीतून उगवलेला पिंपळ, आणि त्या आडोशाला भेटणारी दोन माणसे. प्रणय आणि पडझड नाघं एकाच चौकटीत ठेवतात. त्यामुळे त्यांची प्रेमकविता गोड असूनही मिट्ट होत नाही. तिच्या मागे सतत काहीतरी ढासळत असते.

‘खूणगाठी’मध्ये आवाज खाली येतो. चाल लावायला सोपा असा ठेका कमी होतो, चिंतन वाढते. कवी आता तरुणीच्या तोंडून बोलण्याऐवजी स्वतःशी बोलू लागतो. या संग्रहाला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा नाघं सत्त्याहत्तर वर्षांचे होते. ज्याला एका गाण्याने ओळखले जात होते, त्याला देशाच्या साहित्यसंस्थेने गौरवले ते गाण्यापासून सर्वांत दूर गेलेल्या पुस्तकासाठी. हा योगायोग नीट ध्यानात घ्यावा. अकादमीने कवी ओळखला, आपण अजून तबकडीच फिरवतो आहोत.

‘कंचनीचा महाल’ हे नाव मेहकरकराला समजावून सांगावे लागत नाही. गावाबाहेर ती पडकी वास्तू उभी आहे. लोक सांगतात, कंचनी नावाच्या नर्तकीला आपल्या महालाच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा पाहायचा होता. लोणार तिथून वीसेक किलोमीटरच्या पुढे. ती मजल्यावर मजले चढवत गेली, देवीचा कोप झाला आणि तिची शिळा झाली. सत्त्याऐंशीव्या वर्षी कवीने पुस्तकाला हे नाव दिले. शीळपासून निघालेला प्रवास शिळेपाशी येऊन थांबला, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. लांबचा दिवा दिसावा म्हणून आयुष्यभर बांधत राहणे, आणि बांधकाम अपुरे राहणे, हे कुठल्याही कवीला आपले वाटेल.

गळ्याचे पुढे काय झाले

जोशींची वाट मुंबईला गेली. १९३८ साली ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाच्या कामावर रुजू झाले आणि पुढची तीनेक दशके त्यांनी इतरांचे गळे जपले. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ यांच्यासारख्यांचे गाणे तबकडीवर उतरवण्यात त्यांचा हात होता. तो अनुभव त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या मराठी आणि ‘डाउन मेलडी लेन’ या इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवला.

१९६७ साली त्यांच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही लाँगप्ले निघाली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात रागांतून सांगितला आहे. पाश्चात्त्य रॉकच्या जगातही ही तबकडी पोचली. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचे नाव तिच्या चाहत्यांत घेतले जाते. पण मला वेगळेच दिसते. रानातला माणूस, त्याचा सूर आणि तो सूर ऐकणारी कुणी एक, ही गोष्ट जोशींनी पस्तीस वर्षांपूर्वी मेहकरच्या कवीच्या शब्दांत गायली होती. १९६७ला शब्द गेले, बासरी उरली. बीज तेच असावे.

त्याच १९६७ साली कॅनडाच्या लिओनार्ड कोहेनची पहिली लाँगप्ले निघाली. कोहेन मूळचा कवी. त्याचा पहिला संग्रह १९५६चा. त्याचे ‘सुझॅन’ आधी जुडी कॉलिन्सने गायले, मग त्याने स्वतः गिटार उचलली आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे आपले शब्द आपणच गायला. जग त्याला आज कवी आणि गायक दोन्ही म्हणून ओळखते. नाघंनी तसे काही उचलले नाही. मेहकरला आजही रेल्वे नाही. तिथून मुंबईच्या स्टुडिओत रोज जाणे होत नसे, आणि त्यांना जायचे होते असेही त्यांच्या आयुष्याकडे पाहून वाटत नाही. त्यांनी गाव सोडले नाही. म्हणूनच गढी, घाट आणि महाल त्यांच्या कवितेत शेवटपर्यंत ताजे राहिले. शहरात गेलेल्या कवीला गाव आठवावे लागते. यांना ते रोज कोर्टात जाताना दिसत होते.

कायदा आणि आपण

१० मे २००० रोजी नाघं गेले. जोशी त्याआधीच, २२ सप्टेंबर १९९४ला गेले होते. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे चालतो, म्हणजे १९३२च्या तबकडीवरचा तो आवाज कधीच मुक्त झाला आहे. कवीच्या शब्दांवरचा हक्क मात्र मृत्यूनंतर साठ वर्षे, २०६० सालाच्या अखेरपर्यंत टिकतो. गायकापेक्षा कवीला जास्त काळ लक्षात ठेवणारा एक तरी आहे, आणि तो कायदा आहे.

बाकीच्यांनी काय करावे? बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाने ही पाच पुस्तके मिळवून एका फळीवर, क्रमाने ठेवावीत. शाळेच्या मराठीच्या तासाला ‘शीळ’ शिकवताना सोबत ‘खूणगाठी’तली एक कविता वाचावी, म्हणजे मुलांना वीस वर्षांचा आणि सत्त्याहत्तर वर्षांचा एकच माणूस भेटेल.

आणि एक मागणे या दिवाळीपुरते. बुलढाण्यात, खामगावात, चिखलीत, मेहकरात दिवाळी पहाट रंगेल. पणत्या लागतील, तबल्याची जुळवाजुळव होईल आणि कुणीतरी ‘शीळ’ गाईल. निवेदकाने गायकाचे नाव घ्यावे, चाल लावणाऱ्याचेही घ्यावे. पण त्याआधी माईक जरा जवळ ओढून सावकाश सांगावे: शब्द, नागोराव घनश्याम देशपांडे, वकील, मुक्काम मेहकर, जिल्हा बुलढाणा.