चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

पक्षी ओळखण्याचा छंद तुमच्यापैकी काहींना असेल. चोचीचा आकार, शेपटीची लांबी, पंखांवरचे पट्टे ह्यांवरून पक्ष्याची जात ठरवतात. जुन्या मोटारी ओळखण्याचा छंदही असाच आहे. फक्त तो थोडा अवघड आहे, कारण इथे पक्ष्याला पाय एका घरट्यातून आणि पिसे दुसऱ्याच घरट्यातून मिळालेली असतात!

हे कसे, ते समजण्यासाठी आपली एस.टी. आठवा. बसची चासी, म्हणजे चौकट, इंजिन, गिअर, आस आणि चाके, मोटारींच्या कारखान्यातून येते. तिच्यावर बॉडी मात्र एस.टी.च्या दापोडीसारख्या कार्यशाळेत चढवली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी श्रीमंतांच्या मोटारीही अशाच तयार होत. रोल्स-रॉइस किंवा बेंटली कारखाना त्या काळी फक्त चासी विकत असे. गिऱ्हाईक ती हूपर, बार्कर किंवा मुलिनर अशा एखाद्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडे पाठवी. तेथील कारागीर लाकडी सांगाडा तयार करून त्यावर हाताने घडवलेला पत्रा बसवीत. पूर्वी हेच कारखाने घोडागाड्या बांधत असत.

त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन चासींवर दोन अगदी वेगळ्या मोटारी उभ्या राहत. एकीला उंच टप आणि चार दारे, तर दुसरीला दोनच दारे आणि उतरती पाठ. काही बॉड्या तर जगात एकुलत्या एक असत. पुढे अवाढव्य दाबयंत्रांनी पोलादी पत्रे साच्यात दाबून हजारो सारख्या बॉड्या काढता येऊ लागल्या. नंतर तर बॉडी आणि चौकट एकसंधच बनू लागली. वेगळी चासी उरली नाही, तेव्हा तिच्यावर बॉडी बांधण्याचा हा व्यवसायही ओसरला.

मग अशा जुन्या मोटारीची ओळख कशी पटवायची? प्रथम चासीकडे पाहायचे. रेडिएटरचा आकार कारखान्याचे नाव सुचवतो. पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर मोजले, की चासीचा प्रकार कळू शकतो. नंतर बॉडी पाहायची. खिडक्यांची रेषा, दारांच्या बिजागऱ्या, मडगार्डचा बाक ह्यांत कारागिरांची ढब दिसते. दाराच्या उंबऱ्यावर बॉडी बांधणाऱ्याच्या नावाची लहानशी पट्टीही कधी कधी सापडते.

परंतु डोळ्यांना दिसते तेवढ्यावर थांबून चालत नाही. मालक हौसेने जुनी बॉडी उतरवून नवी चढवीत. रेडिएटर बदलता येतो, पट्टीही दुसऱ्या गाडीची बसवता येते. म्हणून चासीवर आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक वाचायचे आणि ते कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांशी ताडून पाहायचे.

नोंदवही केवढे काम करते, हे एका प्रसिद्ध मोटारीवरून पाहा. वुल्फ बार्नाटो हे बेंटली कंपनीचे अध्यक्ष आणि नामांकित शर्यतपटू होते. मार्च १९३० मध्ये त्यांनी १०० पौंडांची पैज लावली. दक्षिण फ्रान्समधील कान येथून ‘ब्लू ट्रेन’ ही आगगाडी उत्तरेकडील कॅले बंदराला पोहोचण्यापूर्वी आपण आपल्या बेंटली ‘स्पीड सिक्स’ मोटारीने थेट लंडन गाठू, अशी ती पैज होती. १३ मार्चला संध्याकाळी सहाच्या सुमारास ते निघाले. पाऊस, धुके आणि एक पंक्चर ह्यांना तोंड देत त्यांनी फ्रान्स ओलांडला, बोटीतून इंग्लिश खाडी पार केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी ते लंडनच्या आपल्या क्लबात हजर झाले. आगगाडी कॅलेला पोहोचायला अजून चार मिनिटे होती!

ही कोणती मोटार? अनेक दशके सर्वांचे उत्तर एकच होते : गर्नी नटिंग ह्या कारखान्याने बांधलेली, बसक्या टपाची आणि उतरत्या पाठीची देखणी कूपे. ती बार्नाटो यांचीच होती. शर्यतीची आठवण म्हणून तिला ‘ब्लू ट्रेन’चे नावही मिळाले होते. टेरेन्स क्यूनिओ ह्या चित्रकाराने आगगाडीशी स्पर्धा करताना तीच रंगवली. मग शंका कोण घेणार?

पण अभ्यासकांनी तारखा ताडून पाहिल्या. ती कूपे तयार होऊन बार्नाटो यांच्या हाती आली मे १९३० मध्ये, आणि शर्यत तर मार्चमध्येच झालेली! जी बॉडी बांधून पुरी झालेली नव्हती, ती शर्यतीत धावणार कशी? खरी धावली होती ती त्यांचीच दुसरी स्पीड सिक्स, एच. जे. मुलिनर यांची बॉडी असलेली साधी, चार दारांची सलून. देखणी गाडी, गाजलेले नाव आणि सुंदर चित्र ह्या तिघांनी मिळून तिचे श्रेय कूपेला देऊन टाकले होते. दोन तारखांनी ते तिला परत मिळवून दिले.

तुम्हालाही ही पद्धत वापरून पाहता येईल. घरातल्या स्कूटरच्या किंवा मोटारसायकलच्या नोंदणीपत्रात चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतात. वडीलधाऱ्यांच्या परवानगीने इंजिन थंड असताना ते गाडीवर शोधा आणि ताडून पाहा. त्यानंतर जुन्या मोटारीचे एखादे छायाचित्र मिळवा. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकात ‘काय दिसते’ ते लिहा, दुसऱ्यात ‘काय वाटते’ ते. दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक ओळीपुढे, ती खरी की खोटी हे कोणत्या पुराव्याने ठरेल, तेही नोंदवा. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येणार नाही, तिच्याभोवती वर्तुळ काढा. तुमच्या शोधाची सुरुवात तिथूनच करायची आहे.