पासवर्ड बरोबर, पण माहिती दुसऱ्याची!

२० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी वापरणाऱ्या काही जणांना स्वतःच्या यादीत भलत्याच लोकांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली. ओपनएआयला सेवा बंद करावी लागली. पुढे कंपनीने सांगितलं की, नऊ तासांच्या एका अवधीत सक्रिय असलेल्या प्लस सदस्यांपैकी १.२ टक्के लोकांचं नाव, ईमेल, बिलाचा पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार अंक इतरांना दिसले असण्याची शक्यता आहे. ही हॅकरची करामत नव्हती. दोष होता रेडिस या डेटाबेसशी बोलणाऱ्या पायथनच्या एका क्लायंट लायब्ररीत.

गिरणीतले डबे

डेटाबेसशी जोडणी उघडायला वेळ लागतो. म्हणून प्रोग्रॅम काही जोडण्या उघडूनच ठेवतो आणि लागेल तशा वापरतो. याला कनेक्शन पूल म्हणतात. रेडिसच्या जोडणीवर ज्या क्रमाने प्रश्न जातात, त्याच क्रमाने उत्तरं येतात. उत्तरावर कुणाचं नाव नसतं.

पिठाच्या गिरणीची कल्पना करा. डब्यांवर नावं नाहीत, सगळा कारभार रांगेवर. तुमच्या पुढचा माणूस डबा ठेवून, दळण न घेताच निघून गेला, तर त्याचं पीठ तुमच्या हातात पडणार. तुम्ही ज्वारी दिली असेल आणि गव्हाचं पीठ मिळालं, तर लगेच कळेल. पण दोघांचाही गहूच असेल तर?

नेमकं हेच झालं. विनंती पाठवल्यावर, पण उत्तर उचलण्याआधी ती रद्द झाली, की उत्तर जोडणीवर पडून राही आणि पुढच्याला मिळे. बहुतेक वेळा डेटाचा प्रकार जुळत नसे आणि एरर येई. प्रकार जुळला, की परक्याची माहिती मुकाट्याने पडद्यावर!

थ्रेड सेफ म्हणजे किती सेफ?

इथे एकाच थ्रेडमध्ये आळीपाळीने चालणारी कामं होती. अनेक थ्रेड असले की धोका वाढतो. म्हणून पोस्टग्रेसची लिबपीक्यू लायब्ररी स्पष्ट बजावते: एकच जोडणी दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरू नये. पायथनच्या डेटाबेस लायब्ररींसाठीच्या मानकात थ्रेडसेफ्टीच्या ० ते ३ अशा पायऱ्या आहेत. पायरी १ म्हणजे थ्रेडनी लायब्ररी वाटून घ्यावी, जोडणी नाही. पायरी २ वर जोडणीही वाटता येते, पण तिच्यावरचा व्यवहार एकच असतो. एका थ्रेडने रोलबॅक केलं, की दुसऱ्याचं अर्धवट कामही पुसलं जातं.

ओळख कुणाची?

लॉगिन होतं ते जोडणीचं, थ्रेडचं नव्हे. जोडणी चुकीच्या हाती गेली, की तिच्यासोबत अधिकारही जातात. त्यामुळे पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी वरच्या चुकीपासून तो वाचवत नाही.

अर्थात लॉगिनही भक्कम हवंच. पोस्टग्रेसच्या जुन्या एमडी५ पद्धतीत सर्व्हरवर साठवलेला हॅश चोरला, तर पासवर्ड न कळताही आत शिरता येई. २०१७ मध्ये आवृत्ती १० सोबत स्क्रॅम पद्धत आली. तीत पासवर्ड तारेवरून जातच नाही. दोन्ही बाजू दर वेळी नवे यादृच्छिक आकडे देतात, क्लायंट त्यांवरून पुरावा तयार करतो आणि सर्व्हरही आपल्या खरेपणाचा पुरावा परत देतो. सर्व्हरवर साठवलेली नोंद चोरली, तरी तेवढ्याने लॉगिन होत नाही.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये हे तपासा

• प्रत्येक थ्रेड पूलमधून स्वतःची जोडणी घेतो का, आणि काम संपल्यावरच परत करतो का?
• विनंती मध्येच रद्द झाली, तर ती जोडणी पूलमध्ये परत न जाता बंद होते का?
• पोस्टग्रेसच्या क्लायंटमध्ये एसएसएलमोड मुळात 'प्रिफर' असतो. सर्व्हरने एन्क्रिप्शन नाकारलं, तर तो उघड्यावर बोलायला तयार होतो. 'व्हेरिफाय-फुल' केलं, तरच सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि नाव दोन्ही तपासलं जातं.
• पासवर्ड सोर्स कोडमध्ये तर लिहिलेला नाही ना?

यातला दुसरा प्रश्न आधी घ्या. एका वापरकर्त्याने चाचणी केली, तर ही चूक बहुधा सापडत नाही. शेकडो विनंत्या एकदम सोडा, त्यातल्या काही मुद्दाम अर्ध्यावर रद्द करा आणि प्रत्येक उत्तर ज्याचं त्यालाच मिळालं का, ते पाहा.