खेळांतील विषाचा नियम

विष ही वस्तु अशी आहे कीं, तिचें भय वाटेनासें झालें तर तें विष राहत नाहीं, आणि तिच्यावर कांहींच इलाज चालेनासा झाला तर पुढें कथा राहत नाहीं. मेजाभोंवतीं बसून कल्पित पराक्रमांचे जे खेळ खेळले जातात, त्यांचे नियम रचणारांना हा पेंच पन्नासाहून अधिक वर्षें पडत आला आहे.

या खेळांचा आरंभ अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळानें झाला. चारसहा मंडळी एकत्र जमतात. एकजण सूत्रधार होऊन गुहा, राक्षस, राजवाडे यांचें वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकीं एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. जेथें यशापयश अनिश्चित असेल, तेथें वीस पृष्ठांचा फांसा टाकून निर्णय होतो. प्रत्येक पात्राला ठराविक प्राणांक असतात व शस्त्राचा घाव बसला कीं ते घटतात. एकेक पात्र महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें जोपासलेलें असतें. म्हणून त्याचा मृत्यु ही खेळणाराच्या मनाला लागणारी गोष्ट असते.

प्रारंभींच्या नियमांत बहुतेक विषारी दंशांचा निकाल एकाच फांशावर लागे. नवशिक्या योद्ध्याला १२ किंवा त्याहून अधिक दान पडलें तर तो वांचे. न पडल्यास प्राणांक कितीही असोत, तो तत्काळ मरे. गणित केल्यास वीसांतून नऊ वेळां जीवन व अकरा वेळां मरण. यांत भय पुरेपूर होतें, परंतु करण्यासारखें कांहीं उरत नव्हतें. शौर्य, युक्ति, मित्रांचें साह्य या साऱ्यांवर एका दानानें पाणी पडे. अशा वेळीं खेळणारा विषाला दोष देत नाहीं. तो सूत्रधाराला दोष देतो.

पुढें दुसरें टोक गांठलें गेलें. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत बहुतेक विषें शक्ति, चपळाई यांसारखे गुण कमी करूं लागलीं. एकदां दंशाबरोबर व पुन्हां एका मिनिटानें. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत ‘विषबाधित’ अशी एक अवस्था आली. तींत प्रहार किंवा कौशल्याचें काम करतांना दोन फांसे टाकून त्यांतील कमी दान धरावयाचें. नियम सुटसुटीत खरा. पण ही अवस्था लवकर ओसरते, आणि साध्या मंत्रानेंही जाते. मग जहरी नागाचा दंश व आखाड्यांतील खरचटणें यांत फरक तो काय राहिला?

मधला मार्ग कोणता? त्याचें उत्तर महाभारतांतील परीक्षिताच्या कथेंत सांपडतें. तक्षकाचा दंश हा त्या कथेचा शेवट आहे, तिचा प्राण नव्हे. प्राण आहे तो सात दिवसांच्या मुदतींत. राजा पहारे बसवितो; विष उतरविणारा काश्यप वाटेनें येत असतो; तक्षक त्याला गांठून, धन देऊन परत पाठवितो. मुदत, उपाय व उपायाच्या वाटेंतील विघ्न अशीं तीन अंगें तेथें आहेत. फांशाच्या खेळांतही विषाला हींच तीन अंगें हवींत.

त्यांच्या आधीं चिन्ह हवें. खऱ्या विषांचें वागणें एकसारखें नसतें. मण्यारीचा दंश पुष्कळदां जाणवतही नाहीं. मागाहून पापण्या जड होतात व श्वास अडखळतो. घोणस चावली तर जागा सुजते, असह्य वेदना होतात आणि रक्त गोठेनासें होतें. सूत्रधारानें अशीं लक्षणें सांगितलीं म्हणजे खेळणारे तर्क करूं लागतात, आणि ज्ञानाला किंमत येते.

मग मुदत. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत विष अंगांत कोणत्या वाटेनें गेलें व किती वेळानें चढेल, याचीं कोष्टकें होतीं. ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या २०१९ सालच्या आवृत्तींत विष पायरीपायरीनें चढतें व उतरतें. या दोहोंचा धागा धरून सोपा नियम करतां येतो. दान ठराविक अंतरानें टाकावें. एकदां साधलें कीं बाधा संपावी. लागोपाठ तीनदां चुकलें तरच मृत्यु यावा. वर सांगितलेल्या योद्ध्याला अशा रीतीनें मरण येण्याचा संभव वीसांत अकरांवरून सुमारें सहांत एकावर येतो. भय शिल्लक राहतें. परंतु प्रत्येक दोन दानांमध्यें सोबत्यांना धांवपळ करण्यास अवसर मिळतो. औषधी शोधावी कीं शत्रूचा पाठलाग करावा, हा निर्णय त्यांना घ्यावाच लागतो.

राहतां राहिला उपाय. तो असावा, पण कमरेच्या पिशवींत नसावा. वैद्य दूर असावा, मुळी दुर्मिळ असावी, किंवा उतारा त्या शत्रूपाशींच असावा.

आणखी एक पथ्य आहे. नायकांना विष स्वस्त मिळालें तर तलवारीची विद्या व्यर्थ होते. आणि जें नायकांस मोकळें, तें शत्रूंसही मोकळें असलें पाहिजे. तिसऱ्या आवृत्तींत या विद्येंत न मुरलेल्यानें पात्यास विष लाविलें, तर वीसांत एक वेळ तें त्यालाच बाधण्याचा धोका ठेविला होता. हा नियम शहाणपणाचा आहे, कारण विष हाताळणाराचा हातही थरथरला पाहिजे.

फांसा आंधळा असतो. नियम डोळस असावा. ज्या विषानें मेजाभोंवतालची मंडळी एकाएकीं गप्प होतात, तें मारक. ज्यानें कोणाचें लक्षही वेधलें जात नाहीं, तें निःसत्त्व. आणि ज्यानें सारेजण एकदम पुढें सरसावून ‘आतां काय करावयाचें?’ असें एकमेकांस विचारूं लागतात, तेंच खेळांतलें खरें विष.