‘डेपो’ची फ्रेंच कुळकथा

खोपट असो, कल्याण असो वा विठ्ठलवाडी, एस.टी.च्या दप्तरी त्याचे नाव ‘आगार’. प्रवाशांच्या तोंडी मात्र ‘डेपो’च. आगार हा संस्कृत शब्द, कोषागार-कारागार यांच्या कुळातला. डेपो हा इंग्रजीच्या वाटेने मराठीत आलेला फ्रेंच शब्द.

लॅटिनमध्ये ‘खाली ठेवणे’ या अर्थाचे ‘देपोनेरे’ हे क्रियापद आहे. त्यापासून ‘देपोझितुम’, म्हणजे ठेवलेली वस्तू, हा शब्द झाला. जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘देपोस्त’ असा आला. पुढे त्यातील ‘स’ लोपला आणि त्याची खूण म्हणून ‘ओ’च्या डोक्यावर टोपीसारखे चिन्ह राहिले. अखेरचा ‘ट’ लिहिण्यापुरता उरला. इंग्रजांनी शब्दाबरोबर हा मुका ‘ट’ही घेतला, मराठीने मात्र उच्चाराप्रमाणे सरळ ‘डेपो’ लिहिले.

बँकेतले ‘डिपॉझिट’ही याच लॅटिन शब्दापासून आलेले. म्हणजे डेपो आणि डिपॉझिट ही भावंडेच. गंमत अशी, की मराठीनेही ‘ठेवणे’पासून ‘ठेव’ हा शब्द याच रीतीने घडवला.

इंग्रजीत डेपो लष्करी साठ्यासाठी वापरला गेला. तसाच माल आणि वाहने ठेवण्याच्या जागेसाठीही. मराठीत लाकडाचा डेपो रुळला आणि राज्याच्या २०२३च्या धोरणात ‘वाळू डेपो’ही अवतरले. या साऱ्यांत एक सूत्र आहे : ठेवायचे ते पुन्हा उचलण्यासाठी. मुक्कामी आलेली बस सकाळी निघते, लाकूड विकले जाते, ठेव मुदतीनंतर परत मिळते.

‘कचरा डेपो’त नेमके हेच सूत्र तुटते. कल्याणच्या आधारवाडीत वर्षानुवर्षे कचरा येत राहिला आणि त्याचा डोंगर झाला. घनकचऱ्याची विल्हेवाट नीट लागत नसल्याने उच्च न्यायालयाने २०१५मध्ये कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली होती. आधारवाडीत कचरा टाकणे थांबले, ते २०२१मध्ये.

कचऱ्याच्या बाबतीत उचलणे म्हणजे ओल्याचे खत आणि सुक्याचा पुनर्वापर. त्यासाठी घरातच दोन डबे हवेत. तसे न करता आपण ढिगाला ‘डेपो’ म्हणतो आणि कुत्सितपणे ‘उकिरडा’ शब्द वापरतो. वास्तविक शेतकऱ्याचा उकिरडा उपसला जातो आणि त्याचे खत शेतात जाते. शब्दार्थाच्या कसोटीवर तोच खरा डेपो ठरतो.