एकलवाद्य नृत्यसंगीत
एकलवाद्य नृत्यसंगीत : वाद्यवृंदाच्या साहाय्यावाचून, एकाच वाद्याने किंवा एकाच वाद्याच्या प्राधान्याने नर्तनाला पुरविलेले संगीत. वाद्यमेळात लय धरणे, स्वराचा विस्तार करणे आणि नर्तकाला पुढील बदलाची सूचना देणे ही कामे निरनिराळ्या वादकांत वाटलेली असतात. वादक एकटा असेल, तर ती सर्व त्यालाच एकसमयावच्छेदेकरून पार पाडावी लागतात. त्यामुळे या प्रकारातील रचना आधी पूर्ण करून मग तिच्यावर नाच बसविला, असे क्वचितच घडते. वादकाजवळ लहान लहान आवर्तनक्षम वाक्यांचा साठा असतो. त्यांतील कोणते केव्हा काढावे, किती वेळा फिरवावे आणि कोठे तोडावे, हे नर्तकाची पावले पाहून तो ठरवितो.

पाश्चात्त्य संगीतात या प्रकाराचे एक लक्षणीय उदाहरण डबल बास या वाद्याचे आहे. व्हायोलिनसारख्या दिसणाऱ्या तंतुवाद्यांत हे सर्वांत मोठे व सर्वांत खालच्या स्वराचे वाद्य असून त्याची उंची सु. १·८ मी. असते. ते वादकाला उभे राहून किंवा उंच बैठकीवर बसून वाजवावे लागते. त्याच्या चार तारा सामान्यतः ई, ए, डी, जी अशा चौथ्या स्वराच्या अंतराने जुळवितात. सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सु. ४१ असते. वाद्यवृंदात त्याचे काम प्रायः पायाभरणीचे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही डबल बासने बहुशः खालचा आधारच दिला. दोमेनीको द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) व जोव्हान्नी बोत्तेसीनी (१८२१–८९) या इटालियन वादकांनी त्याला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु ते वादन श्रोत्यांसाठी होते, नर्तकांसाठी नव्हे. खालच्या पट्टीच्या दुसऱ्या तंतुवाद्यासाठी, चेलोसाठी, योहान झेबास्टिआन बाख याने सु. १७२० मध्ये रचलेल्या एकलवादनाच्या मालिकांतील बहुतेक भागांना साराबांद, जीग अशी नृत्यांची नावे आहेत. तथापि त्यांवर कोणी नाचावे अशी अपेक्षा नव्हती. नाव राहिले आणि नर्तक निघून गेला, असे त्या रचनांबाबत म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधुनिक नृत्यरचनाकारांनी नर्तकाला या संगीताजवळ पुन्हा आणले. अमेरिकन वादक बार फिलिप्स (१९३४–२०२४) याने १९६८ मध्ये केवळ डबल बासच्या उत्स्फूर्त वादनाचे ध्वनिमुद्रण केले व पुढे पॅरिसमध्ये कॅरोलिन कार्लसन हिच्या नृत्यरचनांसाठीही वादन केले. गजाने तार घासणे, बोटाने ती छेडणे आणि लाकडी देहावर हाताने आघात करणे या तिन्ही क्रिया एकाच वाद्यावर होत असल्याने एकटा वादक स्वर व ताल दोन्ही सांभाळू शकतो, हे या वाद्याचे नृत्यदृष्ट्या मोठे सामर्थ्य होय.

अवजड व खर्जातील नाद पावलाच्या भाराशी जुळविणे, ही यामागील मूळ कल्पना. ती महाराष्ट्राला नवी नाही. मराठवाड्यात तिचे जिवंत उदाहरण गोंधळातील संबळवादनात मिळते. परभणी जिल्ह्याच्या विभाजनाने १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्याच्या पूर्वेस, नांदेड जिल्ह्यात, माहूर हे रेणुकेचे क्षेत्र आहे. तेथील रेणुका किंवा तुळजापूरची भवानी ज्यांची कुलस्वामिनी आहे, अशा घरांत विवाहादी मंगलकार्यांनंतर गोंधळ घालण्याचा कुलाचार पाळला जातो. गोंधळात संबळाखेरीज तुणतुणे व झांज ही वाद्ये असतात आणि कथागायन हे तर त्याचे मुख्य अंग होय. तेव्हा काटेकोर अर्थाने ते एकलवाद्य संगीत नव्हे. परंतु गाणे थांबते आणि पावले चालूच राहतात, तेव्हा तुणतुण्याचा एकच स्वर व झांजेचा ठोका पाठीमागे जातात आणि सारा भार संबळावर येतो. ऐकणाऱ्याच्या मनात गोंधळ म्हणून जे राहते, ते बरेचसे या भागातील असते.

संबळ म्हणजे एकमेकांस बांधलेल्या दोन लहानमोठ्या भांड्यांचे चर्मवाद्य. भांडी लाकडाची किंवा तांब्यापितळेची असून त्यांच्या तोंडांवर कातडे ताणून बसविलेले असते. मोठ्या मुखाचा नाद खोल, लहान्याचा उंच व कडक. वादन दोन काठ्यांनी करतात व त्यांतील एकीचे टोक वाकडे असते. वाद्य कमरेला बांधलेले असल्यामुळे वादकाचे हात वाजवीत असताना पायही मोकळे राहतात आणि तो स्वतः पुढेमागे पावले टाकतो, गिरकी घेतो. येथेच संबळ तबल्याहून वेगळे पडते. तबलावादक नर्तकाकडे पाहून वाजवितो, संबळवादक नर्तकांपैकीच एक असतो. देहाचा भार ज्या मात्रेवर जमिनीवर येतो, त्या मात्रेवर मोठ्या मुखाचा आघात पडतो; मधल्या जागा लहान मुखाचे जलद आघात भरून काढतात. ठेके बहुधा सहा किंवा आठ मात्रांचे, म्हणजे सुगम असतात. त्यांची अवघड बाजू लय चढविण्यात आहे. लय एकाएकी दुप्पट केल्यास दिवटी घेऊन नाचणाऱ्याचे पाऊल चुकते. ती कळेल न कळेल अशी वाढवीत न्यावी लागते आणि नाचणारा दमला, की कथेकडे वळण्यासाठी तोडा घेऊन थांबावे लागते. किती चढवावे याचे माप तालात नसून समोरच्या माणसाच्या श्वासात असते. ही सारी विद्या लिपीवाचून, घरातल्या घरात, वडीलधाऱ्यांच्या मागे उभे राहून शिकली जाते.

गोंधळाच्या उत्पत्तीची लोककथाही वाद्यापासूनच सुरू होते. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचा वध केला, त्याच्या मस्तकाला त्याच्याच शिरांची तार जोडून वाद्य केले व ते वाजवीत माता रेणुकेला वंदन केले, अशी ती कथा. ग्रंथगत पुरावा अर्थातच वेगळा आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर (तेरावे शतक) या ग्रंथात ‘गौंडली’ नावाच्या नृत्यपद्धतीचे वर्णन असून तीत नर्तकी स्वतःच गात असे. गोंधळाचा या गौंडलीशी संबंध असावा, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. नावाचे साम्य आकर्षक असले, तरी एकटी नर्तकी व रात्रभर चालणारा कुलाचार यांच्यामधील अंतर मोठे आहे, हे विसरून चालणार नाही.

हिंगोली परिसरातील बंजारा तांड्यांवर होळीच्या लेंगी नृत्याला डफाची साथ असते; तेथे मात्र सामूहिक गायन प्रधान असल्याने डफाला स्वतंत्र रचनेचा वाव कमी मिळतो.

एकाच वाद्यावर पूर्णतः उभा असलेला नाच पाहावयाचा असेल, तर मराठवाडा सोडून पालघर जिल्ह्यातील वारली, कोकणा इ. जमातींच्या तारपा नृत्याकडे वळावे लागते. तारपा हे वाळलेल्या भोपळ्याला दोन नळ्या जोडून केलेले सुषिर वाद्य. नळ्यांत जिभाळ्या बसविलेल्या असतात, सांधे मेणाने बुजवितात व पुढील टोकाला ताडपत्राचा कर्णा जोडतात. नाकाने श्वास घेत तोंडाने हवा सोडीत राहण्याच्या कौशल्यामुळे त्याचा नाद दीर्घकाळ खंडत नाही. स्त्रीपुरुष एकमेकांना धरून साखळी करतात व वादकाभोवती सर्पाकार फिरतात. वादकाकडे पाठ करावयाची नाही, असा संकेत आहे. वादकाने सुरावट बदलली, की साखळीतील पदन्यास बदलतो. म्हणजे संबळात नाच वादनाला ओढतो, तर तारप्यात वादन नाचाला. सुरावटीतून पुढची पावले ओळखणे हे येथे नर्तकाचे शिक्षण असते. वारली भिंतिचित्रांतील वर्तुळाच्या मध्यभागी दिसणारी आकृती याच वादकाची. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा या तारपावादकांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे.

कथक नृत्यातील लहरा याच्या अगदी उलट टोकाला आहे. सारंगी किंवा हार्मोनिअमवर तालाच्या एका आवर्तनाएवढी, उदा., त्रितालात सोळा मात्रांची, सुरावट अखंड फिरविली जाते. ती बदलत नाही, हेच तिचे कार्य; कारण नर्तक तिच्यावरून सम कोठे आहे ते ओळखतो व आपले गणित मांडतो. रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था स्थापन केल्यावर महाराष्ट्रात कथकाचे शिक्षण रुजले, त्याबरोबर लहऱ्याचा परिचयही वाढला. लहरेवादकाला कल्पकता लागत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. एकच वाक्य तासभर वाजवूनही ते शिळे होऊ न देणे, हे सोपे काम नव्हे.

ध्वनिमुद्रित संगीताने या तिन्ही प्रकारांवर सारखा परिणाम केलेला नाही. लहरा यंत्रावर वाजविता येतो, आणि सरावापुरता तो सर्रास तसाच वाजविला जातो. त्यात फारसे बिघडत नाही. संबळ व तारपा यांचे तसे नाही, कारण मुद्रित वादन नाचणाऱ्यासाठी थांबू शकत नाही. रात्रभराचा गोंधळ जेथे तासादीडतासावर आला, तेथे कथा संक्षिप्त रूपाने टिकते. लय हळूहळू चढविण्याला लागणारा वेळ मात्र प्रथम जातो, आणि त्याबरोबर ती चढविण्याची विद्याही. ध्वनिमुद्रणे करून ती राखता येईल, ही अपेक्षा अर्धीच खरी आहे. केवळ ध्वनी टिपला, तर तोडा कोठे आला हे समजते, तो तेथेच का आला हे समजत नाही. त्यासाठी वादकाचे हात व नाचणाऱ्याची पावले एकाच चौकटीत दिसतील असे चित्रीकरण हवे, आणि ते रंगमंचावरील दहा मिनिटांच्या नमुन्याचे नव्हे, तर घराच्या अंगणात, चौक मांडल्यापासून आरतीपर्यंतच्या संपूर्ण गोंधळाचे हवे.