डायलिसिसवरच्या ज्येष्ठांची गोळ्यांची पिशवी

आपल्या वस्त्यांमध्ये डायलिसिस चालू असलेल्या आजी-आजोबांची गोळ्यांची पिशवी भरलेलीच असते. एका डॉक्टरांनी काय दिले ते दुसऱ्यांना माहीत नसते. आठ दिवसांसाठी दिलेली ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते.

किडनी निकामी झाली की काही औषधे शरीरात साचतात. नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन, प्रीगाबालिनने गुंगी येते, तोल जातो. झोपेच्या गोळीनेही म्हातारी माणसे पडतात. इन्सुलिन पूर्वीइतकेच घेतले तर साखर फार उतरू शकते. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, उरलीसुरली लघवीही घटते.

म्हणून आम्ही सुचवतो, घरातली सगळी औषधे, काढे-चूर्णेसुद्धा, पिशवीत घालून डायलिसिसच्या डॉक्टरांपुढे ठेवा. प्रत्येकाबद्दल विचारा: ही कशासाठी? अजून लागते का? डोस बरोबर आहे का? असे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. पारखून मगच स्वीकारा, ही तथागतांची शिकवण औषधालाही लागू पडते.

मात्र आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. बीपीची, हृदयाची, फिटची, झोपेची काही औषधे एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने सहसा एका वेळी एकच औषध कमी करावे आणि बीपी, साखर, झोप वहीत लिहावी. फॉस्फरसची गोळी जेवणासोबतची असते, ती जास्तीची समजून सोडू नका.

नवी यादी मिळाली की जुनी फाडून टाका. नवी घरात सर्वांना दिसेल अशी लावा.